गाठ अखंड निघाली तर

अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी उल्हासनगरात शिरते, तेव्हा तिचे पाणी कधी निळे, कधी लालसर झालेले अनेकांनी पाहिले आहे. बदलापूरपर्यंतच्या या पट्ट्याचे रंग-रसायनांशी नाते जुने आहे. रंगांच्या कारखान्यांचा मूत्राशयाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मात्र त्याहूनही आधी उघड झाला. फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये फुक्सिन हा रंग बनविणाऱ्या कामगारांत अशा गाठी आढळल्याची नोंद केली होती. पुढे बेन्झिडिनसारखी रसायने दोषी ठरली. नदीचे पाणी रंगीत दिसले म्हणून रोग होईल, असे मानण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे ती रसायने हाताळणाऱ्याची गोष्ट निराळी. सर्वांत मोठे कारण तर आजही विडी-सिगारेट हेच आहे.

या रोगाची पहिली खूण फसवी असते. लघवी लाल होते, पण दुखत नाही. एक-दोन दिवसांत आपोआप थांबते. घरातील ज्येष्ठ संकोचाने गप्प राहतात, किंवा उष्णता म्हणून धने-जिऱ्याचे पाणी घेतात आणि महिने निघून जातात.

निदानानंतर रूढ शस्त्रक्रियेत मूत्रमार्गातून दुर्बीण घालून विजेच्या तारेच्या फासाने गाठ थोडीथोडी खरवडून काढतात. पोट उघडावे लागत नाही, ही मोठीच सोय. अडचण पुढे येते. फाटलेल्या दस्तऐवजाचे कपटे हाती आले तर सही कोणत्या ओळीखाली होती हे सांगता येत नाही, तसेच पॅथॉलॉजिस्टचे होते. तुकड्यांच्या कडा जळलेल्या असतात, वरची बाजू कोणती व तळ कोणता हे कळत नाही. आणि रोग मूत्राशयाच्या स्नायूत उतरला आहे का, यावर तर पुढचे सारे अवलंबून! स्नायूत नसेल तर बहुधा मूत्राशय वाचते. असेल तर ते काढण्यापर्यंत वेळ येऊ शकते. नमुन्यात स्नायूच आला नाही, तर काही आठवड्यांत पुन्हा शस्त्रक्रिया सुचविली जाते.

अखंड गाठ काढण्याच्या पद्धतीत गाठीभोवती निरोगी अस्तरावर वर्तुळ आखतात, स्नायूपर्यंत छेद घेतात आणि तळासह गाठ अलगद सोडवितात. त्यासाठी विजेची तार किंवा लेसर वापरतात. बाजूच्या भिंतीवर विजेमुळे मांडीच्या स्नायूला झटका बसून मूत्राशयाला छिद्र पडण्याची भीती असते. लेसरने ती कमी होते. मात्र तीन सेंटिमीटरहून मोठी गाठ अखंड बाहेर काढणे कठीण, आणि अनेक गाठी असल्यास हा मार्ग नेहमी सोयीचा नसतो.

हाँगकाँगमध्ये तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींवर झालेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात रोग उलटण्याचे प्रमाण अखंड पद्धतीत सुमारे २९ टक्के, तर रूढ पद्धतीत ३८ टक्के आढळले. सर्वच अभ्यासांत हा फरक दिसलेला नाही. तेव्हा लेसरच्या जाहिरातीला भुलून घाई करू नये. शल्यविशारदाचा हात यंत्राइतकाच महत्त्वाचा.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय बदलापूरहून लोकलने गाठता येते, पण कोठेही गेले तरी नातेवाइकांनी दोन प्रश्न विचारावेत: गाठ एकसंध काढता येईल का, आणि अहवालात स्नायूचा उल्लेख आहे का? तो अहवाल, सोनोग्राफी व डिस्चार्ज कार्ड एकाच फाइलमध्ये ठेवावे. तीन महिन्यांनी दुर्बिणीची पहिली फेरतपासणी असते, तेव्हा डॉक्टर प्रथम तीच मागतात.