सही करण्यापूर्वीचा प्रश्न

अमेरिकेत 'आरव्ही' या नावाने ओळखले जाणारे वाहन म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाडच होय. पुढे चालकाची जागा, मागे झोपण्याची सोय, छोटे स्नानगृह, फ्रिज आणि गॅसच्या शेगडीसह स्वयंपाकघर, एवढे सारे एका गाडीत सामावलेले असते. तेथील कित्येक कुटुंबे सुटीत अशी गाडी भाड्याने घेतात आणि आठ-पंधरा दिवस घरासह देश पाहतात. रात्रीच्या मुक्कामासाठी जागोजागी तळ असतात. तेथे वीज व पाणी जोडून मिळते आणि सांडपाण्याची टाकी नेमून दिलेल्या ठिकाणीच रिकामी करावी लागते. शाकाहारी कुटुंबास तर या गाडीचा विशेष उपयोग होतो. डाळ, तांदूळ, पीठ बरोबर असले की परमुलखातही चूल आपली राहते. उन्हाळ्यात डेट्रॉइटसारख्या उत्तरेकडील शहरात सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. त्यामुळे दिवसभर हिंडूनही सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणे अवघड जात नाही.

गाडीची किल्ली हाती येण्यापूर्वी मात्र प्रवाशापुढे एक कागद येतो. ठरलेल्या मैलांपेक्षा अधिक चालल्यास किती आकार, जनरेटर किती तास चालवता येईल, विम्यात काय येते व काय येत नाही, हे सारे त्या करारात बारीक अक्षरांत छापलेले असते. पुष्कळ जण तो न वाचताच सही करतात. डेट्रॉइटहून नॅशव्हिल, मसल शोल्स आणि टुपेलोमार्गे मेम्फिसला जाणारी सुमारे साडेतेराशे किलोमीटरची वाट संपेपर्यंत त्यांपैकी एखाद्याला तो कागद पुन्हा काढून वाचावासा वाटला, तर नवल नाही.

ही वाट अमेरिकेच्या संगीताची वाट आहे. तिच्यावरची बहुतेक स्थळे भव्य नाहीत. एक राहते घर, एक हार्डवेअरचे दुकान, एक बंद पडलेले चित्रपटगृह, अशा साध्या जागी ते संगीत घडले जे पुढे जगभर गेले. गाणे ऐकण्यासाठी गेलेल्या प्रवाशास तेथे व्यापाराचीही कथा भेटते. भांडवल कोणी दिले, कोणत्या अटीवर दिले आणि सही करणाऱ्याने काय वाचले, हे प्रश्न त्या प्रत्येक वास्तूत उभे राहतात.

डेट्रॉइटच्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचे २६४८ क्रमांकाचे घर हे 'मोटाउन' या पेढीचे मूळ स्थान. तिचे संस्थापक बेरी गॉर्डी हे कष्टाळू कृष्णवर्णीय व्यापारी कुटुंबातले. त्यांचा स्वतःचा पहिला व्यवसाय मात्र बुडाला होता. त्यांना जॅझ प्रिय होते, म्हणून त्यांनी जॅझच्या तबकड्यांचे दुकान काढले. गिऱ्हाइकाला हवे होते ब्लूज. दुकानदाराची आवड आणि गिऱ्हाइकाची मागणी यांचा मेळ बसला नाही आणि दुकान बंद झाले. पुढे त्यांनी मोटारीच्या कारखान्यात कामगार म्हणून नोकरी केली.

गॉर्डी कुटुंबाने आईवडिलांच्या नावांवरून 'बर-बेरी' नावाचा एक सामाईक निधी उभारला होता. घरातील प्रत्येक जण त्यात दरमहा दहा डॉलर टाकी आणि सर्वांच्या संमतीने त्यातून कर्ज मिळे. जानेवारी १९५९ मध्ये बेरी यांनी तबकडी काढण्यासाठी या निधीकडे पैसे मागितले. तेव्हा सर्वांत कठोर प्रश्न विचारले ते त्यांची बहीण एस्थर हिने. वय २९ वर्षांचे झाले, आजवर काय करून दाखवले आणि हे पैसे परत कसे करणार, असा तिचा रोख होता. अखेर ८०० डॉलर मंजूर झाले, पण भाऊ म्हणून तोंडी नव्हे. रीतसर लेखी हमी घेऊनच ते देण्यात आले.

त्या ८०० डॉलरवर मोटाउन उभी राहिली. वरच्या मजल्यावर मालकाचे बिऱ्हाड आणि खाली ध्वनिमुद्रण, अशी मांडणी होती. स्टुडिओ दिवसाचे बावीस तास चालू असे. मोटारीच्या कारखान्यात सुट्या भागांची गाडी होऊन बाहेर पडताना गॉर्डी यांनी पाहिली होती. तीच रीत त्यांनी गाण्याला लावली. गीतकार, वादक, गायक आणि रंगमंचावरील वावर शिकवणारे शिक्षक असे टप्पे त्यांनी आखले. प्रत्येक गाणे बाजारात जाण्यापूर्वी बैठकीत तपासले जाई. खिशात शेवटचा एकच डॉलर असेल तर माणूस ही तबकडी घेईल की सँडविच, ही तेथील प्रसिद्ध कसोटी. स्टीव्ही वंडर तेथेच बालवयात दाखल झाला आणि मायकेल जॅक्सनही भावंडांसह याच पेढीतून जगापुढे आला.

गॉर्डी यांनी गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क 'जोबेट' या स्वतंत्र कंपनीत ठेवले होते. १९८८ मध्ये मोटाउन ६ कोटी १० लाख डॉलरना विकली गेली, तरी जोबेट त्यांच्याकडेच राहिली. १९९७ मध्ये तिचा केवळ अर्धा हिस्सा १३ कोटी २० लाख डॉलरना गेला. दुकान विकले, पण जमिनीचा उतारा हाती ठेवला, असाच हा व्यवहार. मात्र याच चोपड्याची दुसरी बाजूही प्रवाशाने पाहावी. या गाण्यांमागे वाजवणाऱ्या 'फंक ब्रदर्स' या वादकांची नावे वर्षानुवर्षे तबकड्यांच्या वेष्टनावर येत नव्हती. १९७१ मध्ये मार्व्हिन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीवर ती प्रथम छापली गेली. मालकाचा कागद पक्का होता. कामगारांच्या श्रेयाचा रकाना मात्र कोरा होता.

१९७२ मध्ये पेढी लॉस एंजेलिसला गेली. एस्थर मागे राहिली. जुने घर पाहण्यास लोक येतच राहिले, तेव्हा १९८५ मध्ये तिनेच तेथे संग्रहालय उघडले. कर्ज देताना जिने सर्वांत अधिक प्रश्न विचारले, तिनेच सर्वांत अधिक काळ ती ठेव सांभाळली.

डेट्रॉइटहून नॅशव्हिल सुमारे साडेआठशे किलोमीटर. येथील रायमन सभागृह नदीवरील वाफेच्या बोटींचे मालक थॉमस रायमन यांच्या पुढाकाराने १८९२ मध्ये धर्मप्रवचनांसाठी उभे राहिले. १९४३ ते १९७४ पर्यंत 'ग्रँड ओल ऑप्री' हा लोकसंगीताचा साप्ताहिक कार्यक्रम तेथून प्रसारित होत असे. १९२५ मध्ये हा कार्यक्रम सुरू करणारे डब्ल्यूएसएम रेडिओ केंद्र एका विमा कंपनीचे होते. लक्षावधींना संरक्षण देतो, अशा अर्थाच्या कंपनीच्या घोषवाक्याची आद्याक्षरे तेच केंद्राचे नाव. शनिवारी रेडिओवर गाणे ऐकणाऱ्या शेतकऱ्याच्या दारी विम्याचा प्रतिनिधी गेला की ओळख आधीच झालेली असे.

नॅशव्हिलजवळून 'नॅचेझ ट्रेस' हा रस्ता नैर्ऋत्येस निघतो. ७१५ किलोमीटरच्या या मार्गावर मालवाहू वाहनांना बंदी आहे, आरव्हीला मुभा आहे. दुकाने नाहीत, जाहिरातींचे फलक नाहीत, दुतर्फा केवळ झाडी. मूळची ही तेथील आदिवासींची पायवाट. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उत्तरेकडील व्यापारी नदीच्या प्रवाहाबरोबर तराफ्यांतून माल दक्षिणेस नेत. प्रवाहाविरुद्ध परतणे अशक्य असल्याने तराफाही लाकूड म्हणून विकून टाकत आणि नफा कमरेला बांधून याच वाटेने शेकडो मैल चालत घरी परतत.

या रस्त्यापासून जवळच टेनेसी नदीकाठी मसल शोल्स हे लहान गाव लागते. 'फेम' स्टुडिओचा आरंभ शेजारच्या फ्लॉरेन्स गावात औषधाच्या दुकानावरील खोलीत झाला. मालक रिक हॉल यांनी पुढे मसल शोल्समध्ये स्वतःची इमारत बांधली. ज्या काळात अलाबामा राज्यात गोऱ्या व काळ्या नागरिकांत कठोर भेद पाळला जाई, त्या काळात येथे गोरे वादक कृष्णवर्णीय गायकांना साथ करीत होते. १९६९ मध्ये त्यांच्या चार वादकांनी नोकरी सोडली आणि शेजारच्या शेफील्ड गावी, ३६१४ जॅक्सन हायवे येथे स्वतःच्या भागीदारीत स्टुडिओ काढला. त्याच वर्षी डिसेंबरात 'रोलिंग स्टोन्स' हा ख्यातनाम इंग्रज वाद्यवृंद तेथे मुद्रणासाठी आला. डेट्रॉइटमध्ये ज्यांची नावे छापली जात नव्हती, त्यांच्याच व्यवसायातील हे चौघे येथे मालक झाले.

त्याच रस्त्याने पुढे मिसिसिपी राज्यात टुपेलो हे गाव लागते. एल्व्हिस प्रिस्ली याचा जन्म ८ जानेवारी १९३५ रोजी येथील दोन खोल्यांच्या लाकडी घरात झाला. वडिलांनी १८० डॉलर कर्ज काढून ते बांधले होते. हप्ते फिटले नाहीत आणि मुलगा लहान असतानाच कुटुंबाला घर सोडावे लागले. गावातील 'टुपेलो हार्डवेअर' या दुकानातून, खिळे आणि अवजारे विकणाऱ्या त्याच फळीवरून, १९४६ मध्ये आईने मुलाला गिटार घेऊन दिली.

टुपेलोहून मेम्फिसला दोन-अडीच तासांत पोहोचता येते. ग्रेसलँड या एल्व्हिसच्या प्रासादाजवळच आरव्हीचा तळ आहे. तेथे गाडी लावून शहर पाहणे सोयीचे. युनियन अ‍ॅव्हेन्यूवर ७०६ क्रमांकाला सॅम फिलिप्स यांनी १९५० मध्ये एक छोटा स्टुडिओ काढला होता. लग्न असो, सभा असो, कोणाचेही काहीही ते मुद्रित करून देत. १९५३ मध्ये एल्व्हिस तेथे पदरचे चार डॉलर भरून स्वतःचा आवाज मुद्रित करण्यासाठी गेला. पुढे फिलिप्स यांच्याच 'सन' या कंपनीने त्याला प्रसिद्धीस आणले. नोव्हेंबर १९५५ मध्ये फिलिप्स यांनी त्याचा करार आरसीए या मोठ्या कंपनीला ३५,००० डॉलरना विकला. पुढील यश पाहता हा सौदा तोट्याचा वाटतो. परंतु फिलिप्स यांच्यावर देणी होती आणि हाताशी दुसरे कलावंत होते. सौदा त्यांनी उघड्या डोळ्यांनी केला. मेम्फिसमध्येच सुरू झालेल्या हॉलिडे इन या हॉटेल कंपनीत ते आरंभीचे गुंतवणूकदार झाले.

या वाटेवरचा अखेरचा थांबा म्हणजे ९२६ ईस्ट मॅकलेमोर अ‍ॅव्हेन्यू. जिम स्टुअर्ट आणि त्यांची थोरली बहीण एस्टेल अ‍ॅक्स्टन ही दोघे बँकेत नोकरी करणारी भावंडे. भावाला ध्वनिमुद्रणाचा ध्यास होता, यंत्रासाठी पैसा नव्हता. बहिणीने नवऱ्याचे मन वळवून घर गहाण टाकले आणि २,५०० डॉलर उभे केले. १९६० मध्ये त्यांनी हे बंद चित्रपटगृह भाड्याने घेतले. खुर्च्या काढून स्टुडिओ झाला, उतरती जमीन तशीच राहिली. खाऊच्या गाळ्यात एस्टेल यांनी तबकड्यांचे दुकान थाटले. वस्तीतील मुले काय विकत घेतात हे त्या पाहत, नवे गाणे त्यांना ऐकवत आणि त्यांचे मत आत स्टुडिओत कळवत. दोन्ही आडनावांची आद्याक्षरे जोडून पेढीचे नाव ठेवले 'स्टॅक्स'.

वितरणाचे काम न्यूयॉर्कच्या 'अ‍ॅटलांटिक' कंपनीकडे होते. आरंभी सारे शब्दावर चालले. १९६५ मध्ये लेखी करार झाला. जिम स्टुअर्ट यांनी विश्वासाने, पूर्ण न वाचताच सही केली. १९६७ मध्ये अ‍ॅटलांटिक दुसऱ्या मालकाकडे गेली आणि त्याच डिसेंबरात स्टॅक्सचा सर्वांत मोठा गायक ओटिस रेडिंग विमान अपघातात गेला. नव्या मालकाशी बोलणी फिसकटली, तेव्हा करार उघडला गेला. त्यातील एका कलमानुसार, अ‍ॅटलांटिकने वितरित केलेल्या गाण्यांच्या मूळ मुद्रणांची मालकी त्या कंपनीची झाली होती. आठ वर्षांचा साठा एका सहीने गेला होता.

स्टॅक्सने हार मानली नाही. नवे भागीदार अल बेल यांनी १९६९ मध्ये एकाच वेळी २७ नव्या तबकड्या काढून रिते झालेले गोदाम भरले. काही वर्षे वैभवाचीही आली. पण पुढे दुसऱ्या मोठ्या वितरकाशी वाद, बँकेची थकलेली देणी आणि डिसेंबर १९७५ मध्ये दिवाळखोरी, असा शेवट झाला. स्टुअर्ट यांनी पेढीसाठी घातलेली स्वतःची मिळकतही गेली. १९८९ मध्ये ती इमारत पाडण्यात आली.

२००३ मध्ये त्याच जागी, तशाच रूपाची वास्तू उभारून संग्रहालय उघडले. प्रवासी आत जातो तेव्हा पायाखालची जमीन चित्रपटगृहासारखीच उतरती लागते. शेजारच्या संगीत विद्यालयात वस्तीतील मुले शिकतात. वास्तू पुन्हा बांधता आली. त्या आठ वर्षांच्या मुद्रणांची मालकी मात्र स्टुअर्ट यांना पुन्हा मिळवता आली नाही.

डेट्रॉइट आणि मेम्फिस, दोन्हीकडे भाऊ स्वप्न पाहणारा होता आणि बहिणीचा आधार होता. दोन्हीकडे प्रामाणिकपणा होता, कष्ट होते, गिऱ्हाइकाची पारख होती. अंतर पडले ते एका ठिकाणी. एका घरात आपल्या माणसालाही प्रश्न विचारले गेले आणि ते कोणी अपमान मानले नाहीत. दुसऱ्या घरात परक्यालाही प्रश्न विचारणे संकोचाचे वाटले. विश्वास हे व्यापाराचे मोठे धन खरे. परंतु वाचून केलेल्या सहीने विश्वास उणावत नाही. ज्याच्याशी शब्द दिला-घेतला तो माणूस उद्या जागेवर नसला तरी शब्द उरावा, एवढ्यासाठीच कागद असतो.

मेम्फिसला गाडी परत करताना कंपनीचा माणूस टाक्या तपासतो, मैल मोजतो आणि पुन्हा एक कागद पुढे करतो. मागे रांग असते, मुले कंटाळलेली असतात, विमानाची वेळ होत आलेली असते. तरीही दोन मिनिटे उभे राहून तो कागद वाचावा आणि मगच सही करावी.