एकोणिसाव्या वर्षीचे तीन गोल

सीमारेषेपलीकडे

आपण अंतिम सामन्यात खेळणार आहोत हे शेन ओडॉनेलला सामन्याच्या जेमतेम दोन तास आधी कळलं. 28 सप्टेंबर 2013, शनिवार. डब्लिनच्या क्रोक पार्कवर ऑल-आयर्लंड हर्लिंग स्पर्धेचा अंतिम सामना दुसऱ्यांदा खेळवला जात होता, कारण तीन आठवड्यांपूर्वी क्लेअर आणि कॉर्क या दोन परगण्यांच्या संघांत बरोबरी झाली होती. क्लेअरच्या जाहीर झालेल्या संघात डॅराक होननचं नाव होतं. प्रशिक्षक डेव्ही फिट्झजेराल्डनं आयत्या वेळी डाव बदलला. कॉर्कच्या बचावफळीनं ज्याचा विचारही केला नव्हता असा एकोणीस वर्षांचा पोरगा गोलसमोर येऊन उभा राहिला, आणि पहिल्या एकोणीस मिनिटांतच त्यानं तीन गोल ठोकले. सामन्याअखेर त्याच्या नावावर तीन गोल आणि तीन पॉइंट होते. क्लेअर 5-16, कॉर्क 3-16.

हे आकडे वाचायचे कसे, ते सांगायला हवं. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीच्या वरून पण दोन उंच खांबांच्या मधून गेला तर एक. म्हणजे क्लेअरचे 31 आणि कॉर्कचे 25. दोन्हीकडे पंधरा-पंधरा खेळाडू, सत्तर मिनिटं, फुटबॉलपेक्षा बरंच मोठं मैदान. हातात अॅश झाडाच्या लाकडाची, टोकाशी पसरट होत गेलेली काठी, तिला म्हणतात हर्ली. चेंडू हवेतून हातानं पकडता येतो, पण हातात घेऊन चार पावलांपेक्षा जास्त टाकता येत नाहीत. मग तो हर्लीच्या पात्यावर तोलत धावायचं, आणि बाजूनं प्रतिस्पर्धी खांदा देत असताना तोलायचं. हॉकीच्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला पहिली पाच मिनिटं सगळंच फाऊल वाटतं. मालवणजवळच्या वराड गावाशी नातं असलेले लिओ वराडकर 2017 मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी त्या देशाबद्दल रकानेच्या रकाने भरले. त्यात हर्लिंगला दोन ओळी मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं. आयरिश माणूस कळायला तो खेळ फार उपयोगी पडतो.

कारण या खेळात पगार नाही. गेलिक अॅथलेटिक असोसिएशन 1 नोव्हेंबर 1884 रोजी थर्लस गावातल्या एका हॉटेलात स्थापन झाली. तिच्या प्रमुख संस्थापकांपैकी मायकेल क्युसॅक हा क्लेअरचाच. तेव्हापासून आजतागायत संघटनेचा पाया हौशी खेळाचा राहिला आहे. खेळाडू आपल्या गावच्या क्लबकडून आणि आपल्या परगण्याकडून खेळतो. त्याचा लिलाव होत नाही आणि जास्त पैसे देऊन त्याला कोणी पळवत नाही. प्रवासखर्च मिळतो, सरकारकडून थोडं अनुदान मिळतं, नामवंतांना एखाद-दुसरी जाहिरात मिळते. बाकी सोमवारी सकाळी ज्याचं त्याचं काम: शाळेत शिकवणं, शेती, बँक, पोलीस. क्रोक पार्कवर ऐंशी हजारांहून अधिक माणसं बसतात आणि अलीकडे अंतिम सामन्याचं स्टँडचं तिकीट शंभर युरोंवर गेलं आहे. ज्यांना बघायला ती येतात त्यांचा त्या पैशातला वैयक्तिक वाटा मात्र शून्य.

अशा खेळात ‘करिअर’ म्हणजे काय? मला ओडॉनेलची गोष्ट सांगावीशी वाटते ती यासाठी. एनिस गावच्या एरा ओग क्लबचा हा मुलगा, 1994 चा जन्म. त्या शनिवारनंतर तो रातोरात देशाचा लाडका झाला. जिथं जाईल तिथं गर्दी, सह्या, फोटो, किंचाळणाऱ्या मुली. आपल्याला हे सगळं नकोसं झालं होतं, असं त्यानं नंतर मुलाखतींत मोकळेपणानं सांगितलं आहे. खेळाडूच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस पहिल्याच वर्षी येऊन गेला की पुढची सगळी वर्षं लोक त्याच दिवसाचा हिशेब मागत राहतात. क्लेअरचं तसंच झालं. तरुण संघ होता, आता दशकभर राज्य करणार असं सगळे म्हणत होते. प्रत्यक्षात पुढची दहा वर्षं ऑल-आयर्लंड चषक त्यांच्याकडे फिरकला नाही. 2018 मध्ये उपांत्य फेरीत गॅलवेविरुद्ध बरोबरी झाली आणि फेरसामना एका गुणानं गेला. मग लिमरिकचं युग सुरू झालं.

या काळात ओडॉनेल काय करत होता? शिकत होता. कॉर्कच्या विद्यापीठात त्यानं आधी जनुकशास्त्राचा अभ्यास केला आणि मग सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडीचं काम. (ज्या कॉर्कला तीन गोल घातले त्याच शहरात वर्गात जाऊन बसायचं, यालाही धाडस लागतं.) मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर हार्वर्डलाही जाऊन आला. व्यावसायिक फुटबॉलमधल्या विशीतल्या पोराला हे जमलं असतं का? त्याच्या क्लबनं आणि एजंटनं त्याला प्रयोगशाळेच्या दारातही उभं राहू दिलं नसतं. हौशी खेळाचे भाट गातात ते इथवर खरं आहे: या व्यवस्थेनं त्याला पूर्ण माणूस होऊ दिलं.

पण मग येतो 2021 चा जून. सरावात डोक्याला मार बसला. कन्कशन, आणि तेही साधंसुधं नाही. वाचणं, पडद्याकडे बघणं, चार माणसांत बसून बोलणं, सगळंच अवघड होऊन बसलं. उरलेला हंगाम गेला. परत हर्ली हातात घ्यायची की नाही, याचाही त्यानं गंभीरपणे विचार केला. हर्लिंगमध्ये 2010 पासून प्रौढ खेळाडूंनाही हेल्मेट सक्तीचं आहे. डोळा, दात, कवटी वाचवायला ते उत्तम, पण कवटीच्या आत मेंदू हलतो तो हेल्मेटनं थांबत नाही. आणि हा मेंदू कोणाचा? संशोधन हाच ज्याचा पोटापाण्याचा उद्योग, त्याचा. व्यावसायिक खेळाडू जखमी झाला तर खेळायचं शरीर आणि कमवायचं शरीर एकच असतं. करार असतो, क्लबचे डॉक्टर असतात, क्लबला स्वतःची गुंतवणूक वाचवायची असते. हौशी खेळाडू मात्र मैदानावर मार खातो आणि त्याची किंमत भलत्याच ठिकाणी, दुसऱ्याच नोकरीत मोजतो.

‘बिचारा हौशी, प्रेमापोटी खेळतो’ या कौतुकाचा म्हणूनच मला कंटाळा येतो. आजचा परगण्याचा हर्लिंगपटू आठवड्यातले चार-पाच दिवस जिम आणि सराव करतो, आहारतज्ज्ञ सांगतील ते खातो, त्याच्या धावण्याचा जीपीएसवर हिशेब ठेवला जातो. त्याच्याकडून मागणी पूर्ण व्यावसायिक आणि मोबदला 1884 चा. आपल्याकडे कबड्डीत 2014 पर्यंत हेच होतं. रेल्वे, पोलीस, बँकेतली नोकरी हाच मोबदला, आणि गुडघा गेला की टाळ्याही गेल्या. प्रो कबड्डी आली, लिलाव आले, मुलांच्या घरी पैसा आला आणि मला त्याचा आनंदच आहे. पण हर्लिंगनं त्याच वाटेनं जावं असं मी म्हणणार नाही. क्लेअर हा छोटा परगणा. खेळाडू विकत घेता आले असते तर डब्लिननं आणि कॉर्कनं एनिसमध्ये एकही चांगला पोरगा शिल्लक ठेवला नसता, आणि 2024 चं विजेतेपद घडलंच नसतं.

ते घडलं कसं, हे पाहण्यासारखं आहे. क्लेअरच्या 1995 आणि 1997 च्या विजेत्या संघात लाल हेल्मेट घालून बचाव करणारा ब्रायन लोहान आता प्रशिक्षक होता. ओडॉनेल 2022 मध्ये परतला तो वेगळा खेळाडू होऊन. गोलसमोर दबा धरून बसणारा पोरगा आता मागे सरकून मधल्या पट्ट्यात काम करू लागला. उंच आलेला चेंडू दोघातिघांत घुसून काढायचा, अंग असं वळवायचं की बचावपटूची काठी हवेत फिरावी, आणि तिघं आपल्यावर धावून आले की मोकळ्या सोबत्याला पास द्यायचा. माझ्या मते हा खेळ तीन गोलांपेक्षा कितीतरी अवघड. गोल सगळ्यांना दिसतो. आपल्याकडे ओढून नेलेला बचावपटू फक्त जाणकाराला दिसतो.

म्युन्स्टर विभागाच्या अंतिम सामन्यात 2022, 2023, 2024 अशी तीन वर्षं ओळीनं लिमरिककडून हार. ऑल-आयर्लंड उपांत्य फेरीत 2022 आणि 2023 मध्ये किलकेनीकडून हार. 2024 मध्ये मात्र किलकेनीला दोन गुणांनी हरवलं आणि 21 जुलैला अंतिम सामन्यात समोर पुन्हा कॉर्क. जादा वेळेपर्यंत गेलेल्या त्या सामन्यात क्लेअर 3-29, कॉर्क 1-34. म्हणजे 38 विरुद्ध 37. कर्णधार टोनी केलीनं केलेला गोल आयर्लंडमध्ये अजून चघळला जातो, आणि तो आहेच तसा. पण वर्षाचा सर्वोत्तम हर्लिंगपटू ठरला ओडॉनेल. हा पुरस्कार परगण्यांचे खेळाडू स्वतः मत देऊन ठरवतात. ओढलेले बचावपटू त्यांनी मोजले होते.

गेलिक अॅथलेटिक असोसिएशनचा एक दुखापत निधी आहे. औषधोपचाराचा खर्च आणि बुडालेली मजुरी ठराविक मर्यादेपर्यंत तो भरून देतो. पाय मोडलेल्या सुताराला तो कामी येतो. पण बुडालेल्या मजुरीची पावती असते, वाचता न आलेल्या महिन्यांची नसते. पगार देऊ नका, चालेल. ते तत्त्व 140 वर्षं टिकलं आहे आणि खेळाडूंनाही त्याचा अभिमान आहे. पण डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला तज्ज्ञ डॉक्टर, संपूर्ण विश्रांती आणि त्या काळातल्या शिक्षणाची किंवा नोकरीची हमी संघटनेनं स्वतःच्या तिजोरीतून द्यायला हवी. तो कुठल्याही परगण्याचा असो, राखीव खेळाडू असो की ओडॉनेल. शंभर युरोंच्या तिकिटातून एवढं निघतं.

— क्रीडाप्रेक्षक