गोळ्यांची पिशवी आणि ३९ फूट

मृग नक्षत्र तोंडावर आले की कोल्हापुरात जो तो पाटबंधारे खात्याचा अधिकारी होतो. राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे, अलमट्टीतून विसर्ग किती, हे सारे आकडे चहाच्या गाड्यावरही तोंडपाठ असतात. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे शाळकरी पोरही सांगते. एवढे सगळे ठाऊक असून घर सोडायची वेळ आली की आपण काय घेऊन निघतो? जनावरांची दावी सोडतो, धान्याची पोती माळ्यावर टाकतो, दागिने आणि कागदपत्रे बरोबर घेतो. आजीच्या गोळ्या मात्र देवळीतच राहतात.

निरोगी माणसासाठी ४३ फूट ही धोक्याची पातळी असेल. घरात मधुमेहाचा, हृदयविकाराचा, फिट येणारा किंवा डायलिसिसवरचा रुग्ण असेल, तर त्याच्यासाठी धोका ३९ फुटांनाच सुरू झाला असे समजावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत मला पुस्तकातून मिळालेले नाही, माझ्या चुकीतून मिळालेले आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये शाहूपुरीतले एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले. वय सत्तरीच्या पुढे, दिवसातून दोनदा इन्सुलिन. ‘‘डॉक्टर, मुलीकडं जाऊ का चार दिवस? पाणी वाढतंय म्हणत्यात.’’ मी म्हणालो, ‘‘गुरुजी, २००५ ला पाणी तुमच्या कोपऱ्यावर थांबलं होतं. कशाला धावपळ करताय?’’ पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. गुरुजींना रात्री होडीतून काढले. इन्सुलिन फ्रीजमध्ये आणि फ्रीज पाण्यात. निवारा केंद्रात त्यांनी तीन दिवस कुणालाही काही सांगितले नाही, इतरांना त्रास नको म्हणून. चौथ्या दिवशी ग्लानी आली, तेव्हा मुलाने धावपळ केली. जीव वाचला. पण पुराच्या पाण्यातून चालताना पायाला झालेली जखम चिघळली आणि एक बोट काढावे लागले.

मागच्या पुराची भिंतीवरची खूण ही आपल्याकडे देववाणी मानली जाते. मीही तेच केले. २०१९ ला २००५ ची खूण बुडाली आणि जुलै २०२१ मध्ये नदी पुन्हा ५६ फुटांच्या आसपास गेली. खुणेवर विसंबून राहणे सोडा.

औषधे दुकानात मिळतीलच, असेही धरून चालू नका. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता. शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडीची उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्यामुळे ज्यांच्या दारात पुराचा थेंब आला नव्हता, त्यांच्या नळालाही पाणी नव्हते. फिटच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या अचानक बंद झाल्या की त्रास उसळून येतो. म्हणून निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स, चष्मा आणि जलसंजीवनीची चार पाकिटे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दाराजवळच्या खिळ्याला अडकवा. कपाटात नको, घाईत कपाट उघडत नाही.

इन्सुलिनविषयी एक गैरसमज आहे. वीज गेली की ते वाया गेले, असे समजून लोक टोचणेच बंद करतात. वापरात असलेली बाटली साधारण महिनाभर घरातल्या तापमानाला चालते; ऊन आणि चुलीची धग तेवढी टाळावी. इतर बाटल्या कोरड्या पिशवीत घालून ओल्या वाळूच्या माठात ठेवता येतात. बर्फात मात्र थेट खुपसू नका, गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

डायलिसिसच्या रुग्णाला पिशवी पुरणार नाही. त्याने ३९ फुटांनाच, रस्ता चालू असताना, डायलिसिस केंद्राच्या गावी नातेवाइकांकडे जावे. दिवस भरत आलेल्या बाईचेही तसेच. गरोदर मातांची यादी गावोगाव आशाताईंकडे असतेच. त्याच वहीत डायलिसिस, इन्सुलिन आणि घरी ऑक्सिजन लागणाऱ्यांची दोन पाने जोडायला काय हरकत आहे? होडी पहिल्या फेरीत कुणाच्या दारात न्यायची, हे त्या पानावरून ठरेल. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे होडी उलटून माणसे गेली. उशिरा निघणाऱ्यांची गर्दी शेवटच्या होडीत होते, हे आपण विसरलो तर कठीण आहे.

आता पूर बघायला जाणाऱ्यांविषयी. शिवाजी पुलावर पोराबाळांसह जाऊन पाणी बघणे हा आपला जुना शौक, त्यावर मी काही बोलणार नाही. पण गुडघाभर पाण्यात उतरून फोटो काढणाऱ्यांना सांगतो, त्या पाण्यात उंदरांचे मूत्र असते, गटाराचे पाणी असते, आणि पायाची साधी चीरही लेप्टोला पुरते. पाणी ओसरल्यावर चिखल काढताना गमबूट घाला. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत वेदना, डोळे लाल अशी लक्षणे दिसली, तर ‘अंग मोडून आलंय’ म्हणून घरी काढू नका. डॉक्टरांना ‘मी पुराच्या पाण्यात होतो’ हे आधी सांगा. चिखल काढणाऱ्यांना प्रतिबंधक गोळ्या देता येतात, पण त्या डॉक्टरांना विचारूनच. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना त्या चालत नाहीत. साप चावला तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे, काही नको. माणसाला चालवू नका आणि थेट लस असलेल्या सरकारी दवाखान्यात न्या. गाडीसाठी १०८.

जादा गोळ्यांचा खर्च परवडत नाही, असे काही जण म्हणतील. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. याच आठवड्यात जा, पूररेषेतले घर असल्याचे सांगा आणि एका वेळी महिन्याच्या मागा. गुरुजींच्या गोळ्या त्यांचा नातू परवाच घेऊन गेला.