जामीन मिळाला म्हणजे सुटला काय?



धुऱ्यावरून भांडण होते, डोके फुटते. पोलीस आरोपीला घेऊन जातात आणि दोन दिवसांत तो पुन्हा पानठेल्यावर उभा दिसतो. गाव म्हणते, ‘पैसे चारले, सुटला!’ पण जामीन म्हणजे सुटका नव्हे.

फिर्याद हा आरोप असतो. गुन्हा शाबीत होतो तो न्यायालयात, पुराव्याने. तोवर आरोपीला गुन्हेगार म्हणता येत नाही. म्हणून जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा त्याचा हक्कच आहे. अजामीनपात्र गुन्ह्यात तो द्यावा की नाही, हे न्यायालय ठरवते. खटला मात्र चालूच राहतो.

मग साक्षीदाराचे काय? आपल्या भंडारा जिल्ह्याने याची फार मोठी किंमत पाहिली आहे. मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत सुरेखा भोतमांगे व त्यांची मुलगी प्रियंका यांनी मारहाणीच्या एका प्रकरणात साक्ष दिली होती. २९ सप्टेंबर २००६ रोजी त्यातील आरोपी जामिनावर सुटले. त्याच संध्याकाळी जमावाने या दलित कुटुंबातील मायलेकी आणि दोन मुलगे अशा चौघांना ठार मारले. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली आठ जणांना दोषी ठरवले. सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांचा कारावास दिला. पण गेलेली चार माणसे परत आली नाहीत.

म्हणून एवढे लक्षात ठेवा. खोटी साक्ष द्यावी म्हणून साक्षीदाराला धमकावणे हा वेगळा गुन्हा आहे; त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. धमकी आली की ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि सरकारी वकिलांना कळवा. आरोपी साक्षीदाराला धमकावत असेल, तर न्यायालय त्याचा जामीन रद्द करू शकते. साक्षीदारांच्या संरक्षणाच्या योजनेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली आहे. त्यासाठी अर्ज कसा करावा, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आणि एक काम आपले. आरोपी जामिनावर गावात येईल, त्या रात्री साक्ष देणाऱ्याच्या ओसरीवर चार शेजाऱ्यांनी जाऊन बसावे. त्याला कोणताही अर्ज लागत नाही.