बिअर खरोखर उडून जाते?

जर्मनीतल्या बव्हेरियात रविवारच्या जेवणाला डुकराचे मांस काळ्या बिअरमध्ये मंद आचेवर शिजवतात आणि मुलांसकट सारे घर ते खाते. ‘शिजताना दारू उडून जाते’ हे त्यावरचे नेहमीचे उत्तर मला अर्धेच खरे वाटते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार अर्धा तास शिजल्यावर ३५ टक्के, तर अडीच तासांनी सुमारे ५ टक्के मद्यार्क उरतो. अर्धा लिटर बिअरमध्ये साधारण २० ग्रॅम मद्यार्क. म्हणजे शेवटी जेमतेम एक ग्रॅम, तोही साऱ्या ताटांत वाटलेला. एवढ्यासाठी मुलांना पानावरून उठवू नये. घाईत उरकलेल्या रश्श्याचा हिशेब मात्र निराळा. (चरबी आणि मिठाचे कुणी विचारतच नाही!)

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. दारू सुटावी म्हणून डायसल्फिरामच्या गोळ्या घेणाऱ्याला हा रस्सा चमचाभरही वाढू नये. थोड्या मद्यार्कानेही चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या असा त्रास होऊ शकतो. गोळी थांबवल्यावरही दोन आठवडे ही भीती असते. अशा माणसाला ‘त्यात काही उरत नाही हो’ म्हणून आग्रह करणे मला मुळीच पटत नाही. त्या घरी बिअरऐवजी हाडांचे सूप घालावे. मांस मऊ होते ते मंद आचेने, तेव्हा त्यात काही उणे पडत नाही.