आरोपी ‘तिथे नव्हताच’ : मग पुरावा कसा तोलायचा?

अत्याचाराच्या खटल्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आरोपी त्या रात्री गावात नव्हताच.’ कुणी लग्नाला गेलेला असतो, कुणी दवाखान्यात भरती असतो. हे ऐकून आपले कार्यकर्ते एक तर चिडतात, नाहीतर खचतात. आमचे म्हणणे असे की या दोन्हींनी काही साधत नाही. आपण दुसरीकडे होतो हे दाखवणे, म्हणजे अ‍ॅलिबी, हा एक पुरावा आहे आणि पुरावा तपासायचा असतो. कसा, ते मेडगर एव्हर्स यांच्या खुनाच्या खटल्यातून शिकता येते.

अमेरिकेतल्या ज्या कृष्णवर्णीय लढ्यातून दलित पँथरने १९७२ मध्ये आपले नाव घेतले, त्याच लढ्यातले एव्हर्स हे मिसिसिपीतले कार्यकर्ते. १२ जून १९६३ रोजी मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात जॅक्सन शहरात, त्यांच्या घराच्या दारात, पाठीत गोळी घालून त्यांना मारले. वय ३७. जवळच्या झुडपात रायफल सापडली. तिच्या दुर्बिणीवर बायरन डी ला बेकविथ या गोऱ्या वर्चस्ववाद्याच्या बोटाचा ठसा होता. त्याच्यासारखी पांढरी गाडी त्या भागात दिसली होती. एव्हर्स कुठे राहतात हे त्याने विचारल्याचे टॅक्सीचालकांनी सांगितले.

बचाव काय होता? रायफल चोरीला गेली होती. आणि ग्रीनवूडच्या पोलिसांनी शपथेवर सांगितले की रात्री एकच्या सुमारास आम्ही त्याला आमच्याच गावातल्या पेट्रोल पंपावर पाहिले. ग्रीनवूड जॅक्सनपासून सुमारे दीडशे किलोमीटर. साक्ष खरी असेल तर बेकविथ खुनी असूच शकत नाही.

इथे प्रामाणिकपणे तोलू या. ठसा सांगतो की याने रायफल हाताळली. त्या रात्री तो जॅक्सनमध्ये होता, हे एकटा ठसा सांगत नाही. म्हणून गाडी आणि टॅक्सीचालक यांची जोड लागते. उलट बाजूला पोलिसांची साक्ष. तिला एकच प्रश्न विचारा : ही गोष्ट तुम्ही कधी सांगितली? बेकविथ महिनोन्महिने तुरुंगात होता. तो निर्दोष आहे हे माहीत असलेले पोलीस सरकारी वकिलाकडे किंवा तपास करणाऱ्यांकडे गेलेच नाहीत. निर्दोष माणूस आत सडत असताना पोलीस गप्प का राहतील? साक्षीचे वजन वर्दीने वाढत नाही. ती कधी दिली आणि कुणाला दिली, यावर ते ठरते.

१९६४ मध्ये दोनदा खटला चालला. दोन्ही वेळा सर्व गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीत एकमत झाले नाही. राज्य सरकारच्याच एका आयोगाने ज्यूरींची माहिती काढून बचाव पक्षाला गुपचूप मदत केल्याचे १९८९ मध्ये बाहेर आले. १९९४ मध्ये पुन्हा खटला उभा राहिला. बचाव तोच होता. पण बेकविथने खुनाची बढाई मारल्याचे सांगणारे साक्षीदार आता पुढे आले. ८ कृष्णवर्णीय आणि ४ गोऱ्यांच्या ज्यूरीने त्याला दोषी ठरवले. जन्मठेप झाली. हे घडले, कारण मर्ली एव्हर्स यांनी ३० वर्षे पाठपुरावा सोडला नाही आणि जुन्या खटल्याची प्रत जपून ठेवली.

आपल्याकडे भारतीय पुरावा कायद्याचे कलम ११, आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम ९, याच गोष्टीबद्दल आहे. बिनय कुमार सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने क्रम स्पष्ट केला : आरोपी घटनास्थळी होता हे आधी सरकार पक्षाने दाखवायचे. ते झाले की आपण दुसरीकडे होतो हे पक्केपणी सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो.

मग कार्यकर्त्याने काय करायचे? पहिल्याच आठवड्यात विचारायचे : आरोपी कुठे होता म्हणतो, आणि हे पहिल्यांदा कधी म्हणाला? पंपावरचे, दवाखान्यातले सीसीटीव्ही चित्रण पुसले जाण्याआधी ते जप्त करण्याचा लेखी अर्ज द्यायचा. दवाखान्याचे रजिस्टर नंतर भरले आहे का ते पाहायला लावायचे. मोबाइलचे लोकेशन माणसाचे नसते, फोनचे असते, हे वकिलाला आठवण करून द्यायचे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम १५अ पीडितांना सुनावणीत म्हणणे मांडण्याचा हक्क देते, तो वापरायचा.

आणि हीच फूटपट्टी आपल्या पोरांनाही लावायची. वस्तीतल्या मुलाला गोवले जाते तेव्हा ‘तो घरी होता’ असे सांगायला फक्त आई असते. नातेवाईक म्हणून तिची साक्ष फेकून देणे हाही अन्यायच. बचावाच्या साक्षीदारांना सरकारी साक्षीदारांइतकीच वागणूक मिळाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने दूधनाथ पांडे खटल्यात १९८१ मध्येच म्हटले आहे. पोलिसाची साक्ष केवळ पोलीस म्हणून खरी नाही, आईची साक्ष केवळ आई म्हणून खोटी नाही. आपण हे दोन्हीकडे पाळले, तरच कोर्टाकडे न्याय मागताना आपला आवाज ठाम राहील.

जयभीम!