बाई पळतेय म्हणजे काय झालं?

चोपन्नाव्या वर्षी मी पळायला लागले. पहिल्याच आठवड्यात, साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर एका ओळखीच्या गृहस्थांनी मला थांबवलं आणि काळजीनं विचारलं, "काय झालं वहिनी? कुणी मागं लागलंय का?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. बाई पळतेय म्हणजे एकतर एसटी सुटत असणार, नाहीतर घरात काही विपरीत घडलं असणार. तिसरं कारण त्यांना सुचेना. खरं तर तोवर मलाही कधी सुचलं नव्हतं.

साखर वाढायला लागली म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. सांगताना ते म्हणाले, "घरच्यांसाठी तरी तब्येत सांभाळा." हे 'घरच्यांसाठी' माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. बाईनं तंदुरुस्त राहायचं ते कुणाचं तरी करता यावं म्हणून. जाहिराती तेच सांगतात, मकरसंक्रांतीच्या हळदीकुंकवाला आरोग्यावर बोलायला बोलावलेल्या पाहुण्याही तेच सांगतात.

बारामतीच्या लता करे सगळ्यांना माहीत आहेत. शेतमजुरी करणारी, साठी ओलांडलेली बाई नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून नऊवारीत, अनवाणी शर्यतीत धावली आणि पहिली आली. तिच्यावर २०२० साली सिनेमा आला, त्यात तिनं स्वतःच काम केलं. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण टाळ्या कशाला होत्या? आपल्या ओळखीची सावित्रीचीच गोष्ट पुन्हा ऐकायला मिळाली, म्हणून तर नव्हे? नवऱ्याच्या तपासणीसाठी मजूर बाईला शर्यत जिंकावी लागते ही लाजेची गोष्ट बाजूला राहिली. आणि बाई, तुला पळायला आवडलं का, हे आपल्यातल्या किती जणींच्या मनात आलं?

पंजाबच्या मान कौर यांची गोष्ट मला म्हणून जवळची वाटते. त्यांनी मुलाच्या आग्रहावरून त्र्याण्णवाव्या वर्षी धावायला सुरुवात केली आणि २०१७ साली, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी, न्यूझीलंडमध्ये शंभर मीटर अंतर साधारण सव्वा मिनिटात पार केलं. त्यात ना कुणाचं औषधपाणी होतं, ना कुणाचा जीव वाचवायचा होता.

बाईचं शरीर जपायच्या नावाखाली तिला किती काळ बसवून ठेवलं, हेही पाहू. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायकांची आठशे मीटरची शर्यत झाली. शेवटी काहीजणी दमून बसल्या, म्हणून ती शर्यतच बंद केली, ती थेट १९६० पर्यंत. पुरुष दमून पडले तर त्याला पराक्रम म्हणतात. बायकांची मॅरेथॉन तर १९८४ साली आली. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. त्याच ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या हिश्शानं हुकलं हे आम्हाला पाठ होतं. मॅरेथॉनचं मात्र कुणी सांगितलं नाही.

आता आपल्या घरातलं बोलते. पळते हे मी संघटनेत सहा महिने लपवलं. मध्यमवर्गीय खूळ, असं कुणी म्हणेल ही भीती. आणि कळल्यावर एकीनं तसं म्हटलंच. शरीर हा शब्द आपल्या घोषणांमध्ये पहिल्यापासून आहे. त्यावरची मारहाण, बळजबरी, गर्भनिरोधकांचे प्रयोग, सगळ्यावर आपण मोर्चे काढले. पण शरीराला बरं वाटणं, दम लागून घाम येणं, आपल्याच पायांचा भरवसा वाटणं, यावर एकही शिबिर घेतल्याचं मला आठवत नाही.

घेतलं असतं, तर लघवीचंही बोलणं झालं असतं. आमच्या गटातल्या दोघीजणी तिसऱ्या आठवड्यात यायच्या बंद झाल्या. एकीला गुडघा, दुसरीला पाहुणे. महिन्यानं खरं कळलं, पळताना लघवी सुटते. मग एकेकीनं तोंड उघडलं, तेव्हा नऊजणींत पाचजणी तशाच निघाल्या. मीही त्यात. बाळंतपणं, त्यानंतर लगेच उचललेले हंडे, पाळी गेल्यावर सैल पडलेले स्नायू. कारणं सगळ्यांना माहीत आणि उपाय कुणालाच नाही. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते रोज थोडा वेळ आवळून सोडायचे, हा साधा व्यायाम पुष्कळजणींना उपयोगी पडतो. अंग बाहेर येत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवायचं, पळणं नंतर. गुडघ्यांची भीतीही वाजवीपेक्षा जास्त घातली जाते. बेतानं, हौसेनं पळणाऱ्यांचे गुडघे त्यामुळं लवकर झिजतात, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. पाळी गेल्यावर हाडं झपाट्यानं विरळ होतात, त्यांना उलट अंगाचा भार सोसणारा व्यायाम लागतो. आम्ही एक मिनिट पळायचो आणि दोन मिनिटं चालायचो, आठवड्यातून तीनदा. शेजारणीशी बोलता आलं पाहिजे एवढाच वेग.

पण एका प्रश्नावर मी गप्प झाले. चार घरची धुणीभांडी करणारी आमची एक कार्यकर्ती म्हणाली, "ताई, मी दिवसभर पळतेच की. आता फुकट कशाला पळू?" मी म्हटलं, कष्ट वेगळे, व्यायाम वेगळा. ते खरंही आहे. कामात वेग तिच्या हातात नसतो, विश्रांतीही नसते, आणि तेच तेच सांधे रोज झिजतात. त्यावर ती म्हणाली, "मग त्या वेळेला मला झोपू द्या." तिचं बरोबर आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी होतं. तिला पळ म्हणून सांगण्याआधी पोटभर जेवण आणि आठवड्याची भरपगारी सुट्टी मागावी लागेल. मला पळता येतं, कारण माझ्या घरची भांडी तिच्यासारखीच एखादी घासते. हे टोचतं, आणि टोचत राहावं असं मला वाटतं.

मैदानाचा प्रश्न मात्र आम्हा दोघींचा आहे. आमच्या जवळच्या मैदानावर पहाटे दिवे नसतात. उजाडलं की क्रिकेट सुरू होतं, आणि बायकांच्या संडासाला नऊपर्यंत कुलूप. ज्यांच्या ताब्यात मैदान आहे त्यांना आम्ही दोनदा निवेदन दिलं. उत्तर मिळालं, "बायका येतच नाहीत, उघडून काय करायचं?" तिसरं निवेदन लिहून झालंय. या वेळी त्यावर सही करणाऱ्यांत ती कार्यकर्तीही आहे. तिला पळायचं नाही, पण कामावर जाताना वाटेत तो संडास उघडा हवाय.

तुमच्या गावातल्या मैदानावर सकाळी सहाला कोण असतं, आणि कुलपाची किल्ली कुणाकडे असते, ते जरा बघून या आणि कळवा.